चोच आलेला हात

पाईप हातातून गळून पडला आणि कॅन्टीनमधली तीनशे माणसं एकदम रडायला लागली. कुणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं, कुणी फरशीला कपाळ टेकलं, पॉलिश खात्यातले दोन दांडगे गडी हमसून हमसून रडत होते. "सुटली, गाठ सुटली," असं पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याच्या पाठीवर तो पाईप पंचवीस-तीस वेळा पडला होता, तो माणूस चटईवर ओणवा होऊन तोंडातलं रक्त थुंकत होता. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तो माझा थोरला भाऊ.

मी या काचकारखान्याच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स आहे. भाजणं, कापणं, डोळ्यात काचेची कणी जाणं हे माझं रोजचं. रक्त बघून माझं डोकं फिरत नाही. त्या रविवारी दुपारी मात्र फिरलं, कारण रक्त काढणारी सगळी माणसं मला सिस्टर म्हणणारी होती, आणि ती खूश होती.

आधी काय झालं ते सांगते. त्या रविवारच्या तीन महिने आधी भट्टीच्या गॅसची मुख्य झडप फुटली. तिघे भाजले आणि तिघेही गेले. दादा भट्टीखात्याचा मुकादम. झडप जुनी झालीय, बदला, असं त्याने वर तीनदा लेखी कळवलं होतं. त्या सकाळी झडप बघायला त्यानेच जायचं होतं, पण गुडघा सुजला होता म्हणून त्याने हाताखालच्या एका भट्टीवाल्याला पाठवलं. "जरा बघून ये रे," एवढंच म्हणाला. भट्टीवाला परत आला नाही. त्याची बायको आमच्याच पॅकिंग खात्यात आहे, सगळे तिला पॅकिंगवाली म्हणतात. नवऱ्याला ओळखायला तिला बोलावलं तेव्हा मी बरोबर होते. तिने त्याला पायातल्या बुटावरून ओळखलं.

कामगार चिडले. दोन दिवस काम बंद पडलं, मॅनेजरच्या गाडीच्या काचा फुटल्या. तीन महिने होत आले तरी चौकशीचं नाव नाही, तेव्हा मुकादमाच्या अर्जांचं काय केलंत, असं लोक गेटवर उभं राहून विचारायला लागले. नेमक्या त्याच आठवड्यात मॅनेजरला आमच्या मनाची काळजी वाटायला लागली, आणि त्याने मनवैद्याला बोलावलं.

मनवैद्य हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. सुटाच्या वर तपकिरी शाल, बारीक कापलेले केस, आणि आवाज असा की बाळाला झोपवतोय की काय. "अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धांनी सांगितलं, दुःख आहे," तो म्हणायचा. "आजचं मानसशास्त्र सांगतं, ते सबकॉन्शसमध्ये आहे. मी एवढंच सांगतो, ते बाहेर कुठून काढायचं." म्हणजे बुद्धांनी बातमी दिली, मानसशास्त्राने पत्ता दिला आणि हा गृहस्थ पोस्टमन. लोकांना हे फार पटलं. मलाही पहिली दहा मिनिटं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या दिवसांत आमच्या दुःखाबद्दल कुणी गोड आवाजात बोललंच नव्हतं.

मग त्याने खिडक्या बंद करायला लावल्या आणि स्पीकरवर ढोल सुरू केला. "श्वास खोल घ्या, जोरात सोडा. ढोलाच्या तालावर. थांबू नका, थांबलात तर दुःख खाली बसेल." तीनशे माणसं भात्यासारखी फुसफुसायला लागली. चार-पाच मिनिटांनी तो म्हणाला, "आता ओठांना मुंग्या येतील." आल्या. "आता डोकं हलकं होईल." झालं. "आता दुःख हातांत उतरतंय." आणि खरंच, एकेकाचे हात वाकडे व्हायला लागले. मनगट आत वळलेलं, चारही बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात दडलेला. पॉलिशवाल्या दोन गड्यांना त्याने पॅकिंगवालीची बोटं उघडायला सांगितली. त्यांनी जोर लावला, ती कळवळली, पण बोटं उघडेनात. लोकांनी तोंडात बोटं घातली, ज्यांची सरळ होती त्यांनी. ज्यांचे हात वाकडे झाले नाहीत त्यांचं दुःख अजून कच्चं आहे, असं त्याने सांगितलं, आणि ते बिचारे खजील झाले.

"ही सबकॉन्शसची गाठ," तो पॅकिंगवालीच्या कानाशी वाकून म्हणाला. माईक मात्र त्याने तोंडापासून हलवला नव्हता. "कुणाचा चेहरा दिसतोय, ताई?"

"माझ्या नवऱ्याचा."

"त्याच्या मागे कोण उभं आहे? त्याला तिकडे कुणी पाठवलं? शेवटचा हुकूम कुणाचा?"

ढोल चालूच. त्याने पुन्हा तेच विचारलं, तिसऱ्यांदाही तेच. शेवटी ती म्हणाली, "मुकादमांचा."

झडप न बदलणारा कोण, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मॅनेजर पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता.

"गाठ ज्याची, त्यालाच परत द्यायची," मनवैद्य म्हणाला आणि त्याने गॅसच्या रबरी पाईपचा हातभर तुकडा तिच्या आखडलेल्या बोटांत घुसवला. बोटांनी तो चिमट्यासारखा धरला. "मुकादम आहेत का इथे?"

दादाला कुणी ओढून नेलं नाही. तो आपणहून उठला, सदरा काढला आणि चटईवर जाऊन गुडघे टेकून बसला. मी पुढे धावले तर बायकांनी मला धरून ठेवलं. पॅकिंगवालीने पहिला फटका हळूच मारला. मनवैद्य म्हणाला, "जोरात, ताई, नाहीतर गाठ तुम्हालाच खाईल." मग ती मारत सुटली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तिची बोटं उघडली, पाईप खाली पडला आणि सगळे रडायला लागले. तो चमत्कार मी वर सांगितलाच आहे.

संध्याकाळी मी दादाच्या पाठीवरचे वळ पुसत होते. त्याला म्हटलं, "आपण पोलिसात जाऊ."

"मी जिन्यावरून पडलो."

"दादा, तुझी पाठ सोलून निघालीय."

"मग जोरात पडलो असेन," तो म्हणाला. "तिला तीन महिन्यांत आज पहिल्यांदा झोप लागेल. राहू दे."

दुसऱ्या रविवारी चौघांच्या गाठी निघाल्या. चौघांनीही चेहरा एकच सांगितला, न सांगून करतात काय, आता सगळ्यांना उत्तर पाठ होतं. या वेळी चार पाईप होते. एकाचं टोक दादाच्या डाव्या डोळ्यात गेलं. तो आवाज मी इथे लिहीत नाही. मारणाऱ्याचे डोळे मिटलेले होते, कारण ध्यान चालू होतं. मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस ठेवलं, डोळा काढावा लागला. दोन बरगड्या तुटल्या होत्या. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा असं पडले, तर बरगडी फुफ्फुसात घुसेल. मग आमच्याकडे आणायचीही वेळ राहणार नाही." पडले या शब्दावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मान खाली घातली. दादाने तिथेही जिनाच सांगितला होता.

तिसऱ्या रविवारी अकराजण असणार होते. मेलेल्या तिघांच्या घरची सगळी माणसं मिळून अकरा. नोटीस बोर्डावर लागलं होतं, महाग्रंथिमोचन. दादा म्हणाला, मी जाणार. मी रागावले, रडले, दाराला कुलूप लावते म्हणाले. तो म्हणाला, "खिडकीला पण लाव मग."

गुरुवारी दुपारी मी त्याच्या घरी बरगड्यांची पट्टी बदलत होते. पट्टी सुटताना त्याला एवढी कळ आली की तो धापा टाकायला लागला, भराभर, तोंड उघडं टाकून. दोन-तीन मिनिटं गेली असतील, आणि मला त्याचा उजवा हात दिसला. मनगट आत, बोटं चिकटलेली, अंगठा तळव्यात. ढोल नव्हता, मनवैद्य नव्हता, कुणाचा चेहराबिहरा नव्हता. दादाने हाताकडे नुसतं पाहिलं, तोंड मिटलं आणि सवयीने पुटपुटला, "थांब, मोज, हळू सोड." असं सात-आठ वेळा केलं. थोड्या वेळाने बोटं सुटली.

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. थांब, मोज, हळू सोड. हे शब्द मी परकरात होते तेव्हापासून ऐकले होते. मशीन येण्याआधी आमच्याकडे काच तोंडाने फुंकायचे. लांब लोखंडी फुंकनळीच्या टोकाला वितळलेला गोळा आणि दुसऱ्या टोकाला माणूस. नवखा आला की उत्साहाने भसाभस फुंकायचा, आणि पहिल्याच आठवड्यात त्याचे हात असे आखडायचे. शेडमधले जुने लोक पोट धरून हसायचे. "याला चोच आली रे," म्हणायचे, कारण हात दिसतोच पक्ष्याच्या चोचीसारखा. मग उस्ताद त्याला बाकावर बसवून श्वास मोजायला लावायचा. आमचे वडील उस्ताद होते आणि त्यांच्यानंतर दादा.

पंधरा वर्षांपूर्वी मशीन आलं, फुंकनळ्या गेल्या आणि चोच आम्ही विसरलो. विसरलो म्हणजे तरी काय, हसायची गोष्ट म्हणून लक्षात ठेवली. तीच रडायच्या जागी समोर आली तेव्हा कुणाला ओळखू आली नाही. मलाही नाही, आणि मी म्हणे नर्स. या चुकीची मला अजून लाज वाटते.

"दादा, ही चोच आहे," मी म्हटलं. "तो लोकांना चोच आणतोय."

"मला झोपू दे," म्हणून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी शुक्रवारी आणि शनिवारी दहा-बाराजणांना सांगून पाहिलं. ऐकून घ्यायचे, मग खांद्यावर हात ठेवायचे. "सिस्टर, तुमचा भाऊ आहे, तुम्ही असं बोलणारच." एकजण म्हणाला, "चोच आली तर आली, पण मारल्यावरच सुटते ना?" हा प्रश्न बरोबर होता. रात्रभर तो माझ्या डोक्यात राहिला आणि सकाळी त्याचं उत्तर सापडलं. मारल्यावर सुटते हे खरं. पण न मारता ठेवून बघितलंय कुणी?

रविवारी अकराजण गोलात बसले. ढोल झाला, फुसफुस झाली, अकराच्या अकरा हात वळले, पाईप अडकवले गेले. दादा मध्ये गुडघ्यावर होता, एक डोळा पट्टीखाली, सदरा काढलेला. मनवैद्याने हात वर केला. मी बायकांच्या रांगेतून उठले आणि जाऊन दादाच्या पाठीवर आडवी झाले. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दादाने हे दोन रविवार कसं सोसलं असेल, ते तेव्हा कळलं.

"सिस्टर, बाजूला व्हा," मनवैद्य मऊ आवाजात म्हणाला. "आपल्याला ग्रंथीचा अनुभव नाही."

"म्हणूनच आले. माझीपण गाठ काढा. आधी माझी."

"ही वेळ नाही."

"दुःखाला वेळ असते का?" मी त्याच्या माईकमध्ये विचारलं. "पाचच मिनिटं द्या. माझा भाऊ कुठे पळून जात नाही."

लोकांतून आवाज आला, द्या सिस्टरला पाच मिनिटं. तीनशे माणसांसमोर त्याला नाही म्हणता येईना. ढोल थांबला आणि अकराजण फुसफुसणं सोडून माझ्याकडे बघत राहिले. मी चटईवर बसले आणि जोरजोरात श्वास घ्यायला लागले. मनात एकाग्रतेने कोबी आणला. परतताना घ्यायचा होता, मध्यम आकाराचा, घट्ट पानांचा. ओठांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. कोबी तेवढा डोळ्यांसमोर स्थिर होता. चौथ्या मिनिटाला माझी बोटं आपोआप वळली. मी दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले.

"विचारा मला कुणाचा चेहरा दिसतोय," मी म्हटलं. "कोबी दिसतोय. आता त्याला शोधून झोडपू का?"

कुणी हसलं नाही, कारण त्याच वेळी मागे थप्प असा आवाज झाला. अकरांपैकी एकाच्या हातातला पाईप पडला होता. तो आपल्या उघडलेल्या बोटांकडे बघत राहिला. मग दुसरा पडला. मग दोन एकदम.

"श्वास थांबवू नका," मनवैद्य ओरडला. तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "जोरात घ्या. मारा, मारा, आता मारा."

"का?" मी विचारलं. "दुःख आपणहून संपेल म्हणून घाई आहे का?"

कुणी मारलं नाही. पाईप एकेक करून पडत राहिले. दहावा पडला, अकरावा पॅकिंगवालीचा पडला. एकही फटका दादाला बसला नव्हता. मी आपले वळलेले हात घेऊन म्हाताऱ्या लोकांच्या बाकापाशी गेले, जुने फुंकणारे तिथे बसतात, आणि विचारलं, "काका, हे काय आहे?"

सगळ्यात म्हातारा होता त्याने माझा हात आपल्या हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "चोच आहे ही," तो म्हणाला. "अरे देवा, ही तर चोच आहे."

मग मी लोकांना समजावलं, जसं दवाखान्यात समजावते तसं. आपण श्वासातून जो वायू बाहेर टाकतो तो सगळाच कचरा नसतो, त्याचा थोडा साठा रक्ताला लागतो. भसाभस श्वास घेऊन तो फेकून दिला की रक्ताचा तोल जातो, मज्जातंतू चिडतात, ओठांना मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. साधा श्वास घेत पाच-दहा मिनिटं बसलं की साठा भरतो, हात सुटतो. मारताना अंग मेहनत करतं, मेहनतीने तोच वायू भरपूर तयार होतो, म्हणून मारल्यावर जरा लवकर सुटतो. जिना चढला असता तरी सुटला असता. एवढ्यासाठी एका माणसाचा डोळा गेला.

मग पॉलिशवाल्या गड्यांनी मनवैद्याला शालीने धरलं. तो दाराकडे पळत होता, त्याला चटईवर आपटलं, चष्मा बुटाखाली फुटला, नाकातून रक्त आलं. कुणीतरी पडलेले पाईप गोळा करून वाटायला लागलं. मला बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. माझी बोटं सुटली होती आणि मलाही एक पाईप हवा होता.

"पुरे," दादा म्हणाला. भट्टीच्या आवाजातही ऐकू जाईल असा मुकादमाचा आवाज होता तो. सगळे थांबले. बरगड्या धरून तो कसाबसा उठला. "त्याला सोडा. तो तुम्हाला फसवत होता, मला नाही. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. शंभर-दीडशे पोरांच्या चोची मी या हातांनी सोडवल्यात."

गुरुवारी भिंतीकडे वळवलेलं तोंड मला आता समजलं.

पॅकिंगवाली पुढे आली. "मुकादम, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"झडप बघायला त्याला मी पाठवलं होतं," दादा म्हणाला. "मला मार हवा होता. कुणी देत नव्हतं."

तिने त्याच्या पट्टीकडे पाहिलं. मग हात उचलून त्याच्या थोबाडीत मारली, उघड्या, सरळ बोटांनी. "ही माझी," ती म्हणाली. "माझ्या हातून तुम्ही हे करून घेतलंत म्हणून. माझ्या नवऱ्यासाठी मला तुमचा डोळा नको होता. ती झडप का बदलली नाही ते सांगणारा माणूस हवा होता. तो माणूस तुम्ही होतात, आणि तुम्ही इथे सदरा काढून बसलात."

दादा तेव्हा रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग त्याने सदरा मागून घेतला, अंगात घातला आणि मॅनेजरच्या खुर्चीकडे वळला. खुर्ची रिकामी होती. पण तीनही अर्जांच्या नकला दादाच्या डब्याच्या पिशवीत होत्या. इतके दिवस त्या तो बरोबर घेऊन फिरत होता आणि कुणाला दाखवत नव्हता. त्याने त्या पॅकिंगवालीच्या हातात दिल्या, आणि तिने माईक घेऊन पहिला अर्ज तारखेसकट मोठ्याने वाचला.

चौकशी आता सुरू आहे. दादा पोलिसांना जिन्याऐवजी खरं सांगून आला. अकराजणांचेही जबाब झाले, त्यांनी काही लपवलं नाही. पॅकिंगवाली दर पंधरवड्याला मोठ्या हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या बाईंकडे जाते. दादाही जातो, दुसऱ्या वारी. त्या बाई दोघांनाही श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात, आणि त्यांची अट एकच, श्वास जसा चालला आहे तसा चालू द्यायचा, त्याला हाकायचं नाही. बुद्धांनीही हेच सांगितलं होतं म्हणे. त्या चेहरा कुणाचा हे सुचवत नाहीत, चमत्कार करत नाहीत, आणि बरं व्हायला वेळ लागेल असं स्पष्ट सांगतात. दादाला हे आवडलं. वेळ लागेल म्हणणारा माणूस त्याला खरा वाटतो.

मनवैद्य पोलिसांच्या हाती लागण्याआधीच निसटला. तो उद्या तुमच्या गावात, तुमच्या कारखान्यात येईल, दुसरं नाव आणि दुसऱ्या रंगाची शाल घेऊन. त्याच्याशी वाद घालू नका, तो तुमच्यापेक्षा गोड बोलतो. तुमच्या हातात कुणी काही देऊन मार म्हणालं, तर फक्त पाच मिनिटं मागून घ्या. खिडक्या उघडा, साधा श्वास घ्या, आणि न मारता काय होतं ते बघा. आम्हाला ती पाच मिनिटं तिसऱ्या रविवारी सुचली. पहिल्या रविवारी सुचली असती, तर दादा आज दोन्ही डोळ्यांनी पाहत असता.